ज्याचा टॅग, त्यानं काढावा

कूलर बंद करते जरा. उकडेल, पण त्याच्या घरघरीत माझं बोलणं नीट ऐकू यायचं नाही, आणि शेवटी जे ऐकवायचं आहे ते तर मुळीच नाही. हा साठचा बल्ब तेवढा राहू दे. त्याचंही यात काम आहे.

सुरुवात अगदी साधी. मे महिन्यातला रविवार, दुपारचे बारा. मी रुआबांध्याहून, आमच्या घरून, ऑटो केला आणि कैंप-1 वस्तीत सिंधुताईंकडे एक बिघडलेला ॲम्प्लिफायर आणायला गेले. सिंधुताई म्हणजे आमच्या भजन मंडळाच्या पुढच्या गायिका. तीस वर्षं त्यांनी सूर उचलायचा आणि आम्ही मागून ओढायचा. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आता आवाज उरला तो सुपात तांदूळ घोळवताना येतो तेवढा. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नवऱ्याची, मारोतरावांची बरसी, म्हणजे वर्षश्राद्ध होतं आणि ताईंना त्या दिवशी एक भजन म्हणायचं होतं. ऑपरेशननंतरचं पहिलं आणि शेवटचं, असं त्या म्हणाल्या होत्या. ते भजनही मारोतरावांच्या त्याच ॲम्प्लिफायरवर, म्हणजे आमच्या भाषेत मशीनवर.

मंडळातली गीतांजली म्हणाली होती, "ताईंना कशाले त्रास? फोनवर भजन लावून देऊ. ताई नुसत्या बसतीन समोर."

माझं डोकं फिरलं. "ताई काय फोटो आहे का, समोर ठेवाले? ताई गातीन. मशीन मी दुरुस्त करून आणतो."

बोलून तर बसले. माझं शिक्षण चौथी. कुम्हारीकडच्या एका लहान कारखान्यात बारा वर्षं स्टोअरच्या खिडकीत बसून फ्यूज, बल्ब, तारा वाटते, त्यामुळे सामानाची नावं पाठ. पण मशीन उघडून आत हात घातला नव्हता कधी. मारोतराव त्याच कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. माझ्याच खिडकीतून सामान न्यायचे.

ताईंनी खाटेखालून मशीन ओढलं. जुन्या लुगड्यात बांधलेलं. मारोतराव ते टेबलावर घेऊन दुरुस्त करायला बसले आणि त्याच टेबलावर डोकं ठेवून गेले, त्या दिवसापासून ते तसंच. गाठ सोडली तर प्लगच्या वायरला लाल टॅग लटकलेला. प्लास्टिकच्या पाकिटात लाल पुठ्ठा. "काम चालू आहे. बटन दाबू नये." खाली मारोतरावांचं नाव, वेळ, सही. "काम पूर्ण" लिहिलेला चौकोन कोरा.

"हे घरीही टॅग लावत होते?" मी विचारलं.

"मिक्सर खोलला तरी लावत," ताई कुजबुजल्या. "टॅग राहू देजो, शीला. ते म्हणत, टॅग मीच काढतो."

हा टॅग काय असतो ते सांगते. कारखान्यात मशीनच्या आत माणूस उतरला की तो आधी बटणावर आपल्या नावाचा टॅग लटकवतो. दोघं उतरले तर दोन टॅग. काम झालं की ज्याचा टॅग त्यानंच काढायचा. साहेब आला तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही, कारण टॅग लटकला आहे म्हणजे माणूस आत आहे. एकदा मारोतराव टॅग काढायचा विसरून सायकलनं घरी गेले. कारखान्यातली पूर्ण मिल दीड तास उभी राहिली. शेवटी जीप पाठवून कैंप-1 हून त्यांना पानावरून उठवून आणलं. ते आले, हात धुतले, टॅग काढला आणि म्हणाले, "मी घरी वरण-भात खाऊन राहिलो होतो, पण कायद्यानं मी आतच होतो." सगळे हसले होते. मीही.

घरी आले. बाहेर झळा इतक्या की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. खिडक्यांना ओले पडदे, घरात दिवसाढवळ्या अंधार, वाळ्याचा वास. देवानंद, म्हणजे माझा नवरा, पोटावर गमछा टाकून पडला होता.

"आलं का विमान दुरुस्तीले?" तो डोळे न उघडता म्हणाला.

"तुमी झोपा. झोपेत तरी माणूस बरा बोलते."

रुआबांध्याच्या चौकात परागचं साऊंड दुरुस्तीचं दुकान आहे. पोरगा लग्नासाठी गावाला गेलेला. त्याला फोन लावला.

"मावशी, पुराना माल है, कबाड़ में दे दो," तो म्हणाला.

"तुले दुकान कोनं लावून देलं होतं, आठवते का?"

"...बरं. लिहून घ्या." मग नीट सांगू लागला. "पहिले हातातलं सगळं काढा. बांगड्या, अंगठी, सगळं. मग झाकन खोला. आत दोन मोठे गोल डबे दिसतीन. त्याले हात नाही लावायचा. मशीन बंद असलं तरी त्याच्यात करंट साठून राहते. बल्बाच्या दोन तारा त्याच्या पायाले टेकवा, उतरून जाईन. अन् लाइन सरळ देऊ नका. मधात साठचा बल्ब लावा. बल्ब फुल पेटला म्हणजे आत शॉर्ट. पेटून मंद झाला म्हणजे मशीन चांगली."

पाटल्या काढल्या. काचेच्या हिरव्या बांगड्या उरल्या. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, हात कधी उघडा ठेवला नव्हता. आमच्यात सवाष्णीचा हात रिकामा कधी होतो ते माहीत आहे ना. साबण लावून एकेक उतरवली आणि स्टीलच्या वाटीत ठेवली.

देवानंद आता मात्र उठून बसला. "शीले, मी जिता आहो अजून."

"दिसून राहिलं. पाणी आना एक गिलास."

मग मी कात्री घेतली आणि टॅगचा दोरा कापला.

खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला काही वाटलं नाही. मेलेला माणूस टॅग काढायला कुठून येणार? टॅग कांद्याच्या सालींवर, कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि पेचकस घेऊन स्क्रू काढायला बसले.

झाकण निघालं आणि मला जो आनंद झाला! आत एक मोहल्लाच होता. रंगीत पट्ट्यांचे बारके मणी, तांब्याचा भला मोठा गोळा, पाठीमागे ॲल्युमिनियमच्या फण्यांवर जाड टोप्यांसारखे दोन ट्रान्झिस्टर. धूळ, जळक्या राळेचा वास आणि त्याच्या खालून तंबाखू-चुन्याचा. मारोतरावांचा तंबाखू. बंद डब्यात वास राहतो, असं मी स्वतःला सांगितलं. ब्रशनं धूळ झाडली. फ्यूज काळा पडलेला सापडला आणि मी ओरडून देवानंदला दाखवला, जसा काही मोती सापडला.

"फ्यूज तर माहेरीही जात होता तुमच्या," तो म्हणाला. पण जवळ सरकला.

दोन गोल डबे दिसले. बल्बाच्या तारा टेकवल्या.

बल्ब पेटला. क्षणभरच. पिवळा उजेड आला आणि हळूहळू विझला, डोळा मिटावा तसा.

मी तर नाचायचीच बाकी. पराग सांगतो ते खरं होतं तर. लगेच त्याला फोन लावला.

"पेटला रे बल्ब. उतरला करंट."

"शाब्बास मावशी. कधी बंद केली होती मशीन?"

"वर्ष झालं."

"वर्ष? मग नाही पेटनार. दोन-चार दिवसात आपोआप उतरते तो."

"माह्या डोळ्यानं पाह्यलं."

"...भास झाला असन मावशी."

मला भास होत नाहीत. नवा फ्यूज टाकला, बाजूला लहान स्पीकर जोडला, मध्ये बल्ब लावला आणि बटण दाबलं.

बल्ब फुल पेटला. म्हणजे शॉर्ट. स्पीकरमधून जाड गुणगुण सुरू झाली, पावसाळ्यात रोहित्र करतं तशी. मी वाकून पाहत होते, कुठे धूर निघतो का. तेवढ्यात बल्ब मंद झाला. परत तेज झाला. परत मंद. एका चालीनं. ही चाल ओळखीची वाटली आणि कशाची ते लक्षात यायला वेळ लागला. झोपलेल्या माणसाची छाती अशी वरखाली होते.

"अवो..." देवानंद म्हणाला.

गुणगुणीच्या खालून दुसरा आवाज येत होता. टक. टक. टक. पेचकसाच्या मुठीनं पत्र्यावर ठोकल्यासारखा. मग फुंकर. धुळीवर मारतात तशी लांब, सावकाश फुंकर. मग परत टक... टक... माइक लावलेलाच नव्हता. माइक घरातच नव्हता.

मी बटण बंद केलं, प्लग ओढून काढला. बल्ब विझला. गुणगुण थांबली.

टकटक थांबली नाही.

आता ती घाईत होती. लाइन गेली की आतला माणूस दचकून ठोकतो ना, मी आहे, मी आत आहे, तशी. सात-आठ ठोके. मग दोनदा खाकरण्याचा आवाज... आणि शांतता.

देवानंदनं माझा उघडा हात घट्ट धरला होता. आणि मला सांगायला लाज नाही, भीतीबरोबर मला काहीतरी दुसरंच झालं. अंगावर काटा आणि डोक्यात लख्ख उजेड. मला बिघाड सापडला होता. मशीनचा नाही, माझा.

"मी टॅग कापला," मी म्हणाले. "मानूस आत असताना मी टॅग कापला अन् लाइन देली."

"कोन मानूस? मारोतराव जाऊन वर्ष झालं."

"त्याहीचं काम कुठं झालं होतं? चौकोन कोरा होता."

कारखान्यात अशी चूक झाली तर काय करायचं, ते मला पाठ होतं. लाइन तोडायची. टॅग होता तिथे परत लावायचा. मग वाट पाहायची. मी कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, साली चिकटलेला टॅग काढला आणि पदरानं पुसू लागले. पाकिटात पुठ्ठ्यामागे काहीतरी सरकलं. चिमटीनं ओढलं तर काचेसारखी पन्नी निघाली, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, दोन बारीक भोकं पाडलेली.

फोटो काढून परागला पाठवला. त्याचाच फोन आला. "मावशी, हे अभ्रक आहे. ट्रान्झिस्टरच्या खाली असते. हे नसन तर ट्रान्झिस्टर सरळ पत्र्याले टेकते. तेच शॉर्ट आहे तुमचं. कुठं भेटलं?"

"ज्याचं काम होतं, त्यानं सांभाळून ठेवलं होतं," मी म्हणाले.

एका टोपीखाली बोट फिरवलं. खरंच, खाली काही नव्हतं, नुसता पत्रा. आधी मारोतरावांचा टॅग वायरला परत बांधला. मग माझ्या स्टोअरच्या थैलीतला कोरा टॅग काढला, माझं नाव, वेळ, सही केली आणि त्यांच्या टॅगखाली वीतभर अंतरावर बांधला. दोन माणसं आत, तर दोन टॅग.

"भाऊजी," मी मशीनला म्हणाले, "चूक झाली. आता मीही आत येऊन राहिली. सरका थोडं."

देवानंद म्हणाला, "शीले, असं बोलत नको जाऊ."

पण मी कुठे ऐकते. ते काम करताना काय मजा आली, शपथ. दोन स्क्रू काढले, टोपी उचलली, अभ्रक ठेवलं, भोकाला भोक जुळवलं, परत स्क्रू आवळले. असं वाटत होतं की हाताला वजनच नाही, मनगटाखाली दुसरं मनगट आहे आणि पेचकस किती फिरवायचा ते त्यालाच माहीत आहे. पाऊण तासात झालं. आता बल्ब लावून पाहायचा तेवढा बाकी.

आणि तिथे मी अडकले. लाइन द्यायची तर टॅग निघाला पाहिजे. माझा मी काढेन. त्यांचा कोण काढणार?

"काप न परत," देवानंद म्हणाला.

"तुमी कापून पाहा."

तो काही उठला नाही.

दुसऱ्या दिवशी मशीन तसंच, न तपासता, दोन्ही टॅगसकट ऑटोत घेऊन कैंप-1 ला गेले. चार वाजता पान वाढायचं होतं, पाच वाजता भजन. सिंधुताईंच्या अंगणात बायका जमू लागल्या होत्या. गीतांजली आपला फोन आणि नवीन स्पीकर घेऊन तयारच होती.

"झाली का मशीन?" तिनं विचारलं.

"झाली. पन अजून लाइन नाही देली."

"म्हंजे नाही झाली." तिनं बाकीच्यांकडे पाहिलं.

मी ताईंना आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं रडतील. त्या नुसत्या टॅगकडे पाहत राहिल्या.

"त्या दिवशी मी जेवाले बलावलं होतं," त्या म्हणाल्या. कान तोंडाजवळ न्यावा लागत होता. "म्हनाले, अभ्रक बसवतो अन् येतो. मी पान झाकून ठेवलं. परत नाही बलावलं, शीला. म्हटलं कामात आहेत... कावून डिस्टर्ब करा." मग म्हणाल्या, "मिलमध्ये विसरले होते तवा कसं केलं होतं?"

"घरून बलावून आनलं होतं. पानावरून उठवून."

"मग आता पानावर बलावू."

आमच्याकडे बरसीचं पान गेलेल्या माणसासाठी खोलीत ठेवतात, दार लावतात आणि सगळे बाहेर येतात. जेवताना कोणी पाहायचं नाही. ताईंनी त्याच टेबलाजवळ पान मांडलं. वरण-भात, वडे, कढी, तंबाखूची पुडी. मशीन टेबलावर ठेवलं. मग वाकून, गळ्याला हात लावून, जितका होता तितक्या आवाजात म्हणाल्या, "चला वो. अभ्रक बसवलं शीलानं. काम झालं. आता जेवून घ्या."

आम्ही बाहेर आलो. दार लावलं. मी दाराला पाठ टेकून उभी राहिले आणि कोणालाही जवळ येऊ दिलं नाही. आतून काही आवाज आला नाही. फक्त एकदा नळीतून पाणी सुटल्यासारखं. त्या खोलीत नळ नाही.

दार उघडलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात चार बारा झाले होते. पान होतं तसंच. मारोतरावांचा टॅग वायरला नव्हता. तो मशीनच्या डोक्यावर ठेवलेला होता, आणि दोऱ्याची गाठ सोडलेली होती. कापलेली नाही, सोडलेली. "काम पूर्ण" चौकोनात पेन्सिलीनं ४:१० लिहिलं होतं, खाली सही. टॅगवर पाण्याचे दोन थेंब होते. हात धुऊन आलेल्या माणसाच्या बोटाचे.

ताईंनी टॅग छातीशी धरला. रडल्या नाहीत. हसल्या.

माझा आनंद तर अंगात मावेना. मशीन उचललं, अंगणात आणलं, ताईंच्या हातात माइक दिला आणि प्लग बोर्डात खुपसला. मध्ये बल्बही लावला नाही, इतका भरवसा. बटण दाबलं. ना गुणगुण, ना खरखर. ताईंनी खंजेरीवर बोटं टेकवली आणि सूर उचलला. तो सुपातला आवाज स्पीकरमधून असा निघाला की गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. बायका मागून ओढायचंच विसरल्या. गीतांजलीनं फोन पिशवीत टाकला आणि तिचेच डोळे आधी भरले.

कडव्यांच्या मध्ये ताई दम घ्यायला थांबल्या. खंजेरी मांडीवर. सगळं अंगण गप्प.

स्पीकरमधून टक, टक आलं. हलकं. ठोक्याबरोबर किणकिण. टक... किण. टक... किण. काचेच्या बांगड्या घालून कोणी पेचकस ठोकावा तशी.

गीतांजली माझ्याकडे वळून कुजबुजली, "बांगड्या नको वाजवू वो, माइक पकडते."

मी दोन्ही हात तिच्यापुढे धरले. उघडे होते. बांगड्या रुआबांध्याला वाटीत राहिल्या होत्या, कालपासून.

तेव्हा मी बोर्डाकडे पाहिलं. प्लगच्या खाली, वीतभर अंतरावर, वायरला माझा लाल टॅग लटकत होता. माझं नाव, माझी वेळ, माझी सही. आनंदाच्या भरात काढायचाच राहून गेला होता. कायद्यानं मी आत होते आणि मीच लाइन दिली होती.

ताईंचं भजन पूर्ण झालं. त्यांनी मशीन मलाच दिलं. ते बघ, त्या फळीवर आहे, लाइन काढलेली, टॅग अजून वायरला आहे. देवानंद रोज म्हणतो, काढून टाक, तुझंच नाव आहे, तुला कोण अडवतं. बरोबर आहे त्याचं. ज्याचा टॅग, त्यानं काढावा. दोनदा हात लावला मी गाठीला. दोन्ही वेळा आतली किणकिण थांबली, जसं कोणी कान देऊन ऐकतं आहे की आपल्या टॅगला कोण हात लावतं.

मी इथं बसले आहे, तुझ्यासमोर. हात बघ, बांगड्या आहेत. आता मी हात हलवत नाही. जरा ऐक.